चांदीला न दिसलेले रंग

हळद लावलेला चेहरा 1867 सालच्या कॅमेऱ्याला काळवंडलेला दिसायचा. कुंकू तर काळंच. उलट, निळीत रंगवलेलं लुगडं फिकुटलेलं. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर राबायला गेलेल्या हिंदी मजुरांचे जुने फोटो बघताना एवढं ध्यानात ठेवायला हवं. त्या चेहऱ्यांवरचा अंधार सगळाच त्यांचा नाही.

तेव्हा सगळीकडे चालणारी रीत फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी 1851 मध्ये प्रसिद्ध केलेली. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली आहे तोवरच फोटो काढून धुवायची. काचेवर तयार झालेलं सिल्व्हर आयोडाइड दाद देतं ती निळ्या-जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाला. पिवळा, तांबडा त्याच्या गावीही नसतो. सावळ्या कातडीवरून निळा प्रकाश थोडाच परततो, त्यामुळे माणूस असतो त्याहून काळा उमटतो. वर काही सेकंद हलायचं नाही! हसू तेवढा वेळ कुठून टिकणार? आणि उसावर पडणारा कोयता तर धूसर होऊन जाणार. म्हणून मळ्यावरच्या फोटोंत काम दिसत नाही. काम थांबवून उभी केलेली माणसं दिसतात.

1834 पासून पुढं साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर करारावर मॉरिशस बेटावर उतरले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून. काही मुंबईहून, त्यांत कोकणातले मराठी लोकही. 1867 च्या कायद्यानं करार संपलेल्या मजुराला स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगायला लावलं. तिकीट दाखवता आलं नाही, की भटका म्हणून अटक. पॅरिसमध्ये डिस्देरी या फोटोग्राफरनं 1854 मध्ये एका काचेवर अनेक छबी घेऊन फोटो स्वस्त केला होता. तिकडे लोक हौसेनं एकमेकांना आपली छबी देत, इकडे ती पोलिसाला दाखवावी लागे.

1871 मध्ये अडोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्यानं या जाचाविरुद्ध मजुरांच्या वतीनं गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर 9,401 जणांची नावं होती. पुढं चौकशीसाठी रॉयल कमिशन आलं, 1875 मध्ये त्याचा अहवालही आला.

त्या काळातले हजारो फोटो आता मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. पणजोबा शोधत वंशज तिथं येतात. नाव अनेकदा कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं, त्यामुळे मजुराचा नोंदणी नंबर ठाऊक असला तर शोध सोपा जातो.