लॅमिव्ह्युडिन : एचआयव्हीला फसवणारा 'बनावट' रेणू, गोळी चुकवली तर काय होते?

पूर्णगड (जि. रत्नागिरी) : रुग्ण पूर्णगडचा असो की मुंबईचा, सरकारी एआरटी केंद्रातून मोफत मिळणाऱ्या एचआयव्हीच्या गोळीत बहुतेकदा तीन औषधे असतात : टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर. यातील लॅमिव्ह्युडिन विषाणूला चक्क फसवते. कसे, ते समजून घेऊया.

लॅमिव्ह्युडिन म्हणजे काय?
डीएनएची साखळी चार प्रकारच्या दुव्यांची असते. त्यातल्या एका दुव्यात सायटोसिन हा पायरिमिडिन गटातला घटक साखरेला जोडलेला असतो. या जोडीला न्यूक्लिओसाइड म्हणतात. लॅमिव्ह्युडिन ही त्याचीच नक्कल. फरक साखरेत आहे : कड्यातल्या एका कार्बनच्या जागी गंधक आहे आणि पुढचा दुवा ज्याला जोडला जातो, तो हायड्रॉक्सिल गटच नाही. शिवाय रेणूची ठेवण आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी, म्हणजे 'डावखुरी' आहे.

विषाणू कसा अडकतो?
एचआयव्ही स्वतःच्या आरएनएवरून डीएनए तयार करतो. पेशीत शिरलेल्या लॅमिव्ह्युडिनला तीन फॉस्फेट जोडले जातात. विषाणूचे एन्झाइम त्याला खरा दुवा समजून साखळीत बसवते. पुढे जोडायला जागाच नसल्याने साखळी तिथेच थांबते. आपल्या पेशींची एन्झाइम्स मात्र या डावखुऱ्या रेणूला सहसा फसत नाहीत.

स्वस्त कसे झाले?
अमेरिकेत १९९५ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. तेव्हा तीन औषधांच्या उपचाराचा वर्षाचा खर्च १० ते १५ हजार डॉलर होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने लॅमिव्ह्युडिनसह तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून भारतात मोफत एआरटी सुरू झाली.

गोळी चुकली तर?
डोस वारंवार चुकले की विषाणूला बदलायला संधी मिळते. त्याच्या एन्झाइममधले १८४ व्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलले, तरी तो ही नक्कल ओळखू लागतो. म्हणूनच हे औषध एकटे न देता इतर औषधांसोबत देतात. लॅमिव्ह्युडिन हिपॅटायटिस बी वरही चालते. दोन्ही आजार असलेल्यांनी ते अचानक बंद केल्यास यकृताचा त्रास उसळू शकतो.

त्यामुळे मासेमारीला जाताना किंवा कामासाठी मुंबईला निघताना गोळ्या सोबत हव्यातच. डॉक्टरांना न विचारता औषध थांबवू नका. माहितीसाठी १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन मोफत आहे.