‘बिहोल्ड’ : पाहणे आणि राखणे



‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ यांतला फरक आपण शाळेत शिकलो. ‘बिहोल्ड’ हे चौथे क्रियापद मात्र बहुधा कवितेच्या पुस्तकातच भेटते. ‘पाहणे’ एवढा अर्थ सांगून आपण पुढच्या कडव्याकडे वळतो. आजच्या बोलण्यात ते उरलेले नाही. समोरून बस येताना दिसली म्हणून कोणी इंग्रज ‘बिहोल्ड’ म्हणणार नाही. म्हणालाच, तर थट्टेने.

या शब्दाच्या पोटात ‘होल्ड’ आहे, म्हणजे धरणे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या क्रियापदाचे धरून ठेवणे, राखणे आणि पाहणे असे तिन्ही अर्थ होते. त्याचे जर्मन भावंड ‘बेहाल्टन’ आजही ‘ठेवून घेणे’ याच अर्थाने चालते. पाहण्याचा अर्थ इंग्रजीनेच वाढवला.

धरण्यातून पाहणे कसे निघाले असेल? गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ‘हाल्डन’ म्हणजे गुरे राखणे. गुराखी काही प्रत्येक गुराला हाताने धरून बसत नाही. तो त्यांना नजरेने धरतो. नजर हटली की गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरलीच. राखणे आणि पाहणे ही त्याच्या लेखी एकच क्रिया आहे.

पुढे 1611 सालच्या इंग्रजी बायबलने हा शब्द घरोघरी पोचवला. हिब्रूतील ‘हिन्ने’ आणि ग्रीकमधील ‘इदू’ या लक्ष वेधणाऱ्या शब्दांसाठी तिथे जागोजागी ‘बिहोल्ड’ आले. मराठी बायबलमध्ये अशा ठिकाणी ‘पाहा’ असते. धरण्याचा जुना धागा मात्र ‘बिहोल्डन’ या रूपात टिकला. त्याचा अर्थ उपकाराने बांधलेला, ऋणी.

आपल्या मराठीला ही वाट अनोळखी नाही. आपण लक्ष ‘ठेवतो’, नजर ‘ठेवतो’. ‘देखरेख’ आणि ‘देखभाल’ या शब्दांत देखणे आहे, पण अर्थ सांभाळण्याचा आहे. ‘म्हातारपणी आम्हाला कोण बघणार?’ असे घरातले वडीलधारे विचारतात, तेव्हा ते डोळ्यांविषयी बोलत नसतात. इंग्रजी शब्द राखण्याकडून पाहण्याकडे गेला. आपले शब्द पाहण्याकडून राखण्याकडे आले.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना यात विचार करण्याजोगे काही आहे. आजोबांची मराठी पुस्तके आपण कपाटात नीट राखली आहेत. कुलूप आहे, कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्याही आहेत. पण ती उघडून पाहतो कोण? नातवंडांना त्यांतले एखादे पान वाचून दाखवतो कोण? गुराख्याला हे सांगावे लागत नाही. ज्यावर नजर नाही, ते राखलेले नसते.