नांगराच्या तासावरचा कुत्रा

दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग भागातलं एक शेत डोळ्यांसमोर आणा. एका अंगाला गहू उभा, दुसऱ्या अंगाला बीट, आणि मधे पंधरा-वीस पावलं रुंदीची गवताची पट्टी. कुंपण कुठेच नाही. त्या पट्टीत दोन-तीनशे मेंढ्या चरतायत आणि गव्हाच्या कडेने नांगराचं जे तास गेलंय, त्यातून एक कुत्रा दुडक्या चालीने या टोकापासून त्या टोकापर्यंत जातोय, वळतोय, परत येतोय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. भुंकणं नाही, मेंढरांच्या अंगावर धावून जाणं नाही. एखादीने गव्हाकडे मान वळवली की तो तिच्यासमोर येऊन उभा. तरीही तिने ऐकलं नाही, तर मानेला, बरगडीला किंवा मांडीला धरायचं आणि लगेच सोडायचं. कातडं फाटलं तर तो कुत्रा बाद.

हा कुत्रा म्हणजे चालतंफिरतं कुंपण. आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो, ज्याच्या नावाने बंगल्यांच्या फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशा पाट्या लागतात, त्या जर्मन शेफर्डचा जन्म त्या तासात झाला.

आपल्याकडच्या धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा वेगळा. सुगीनंतर धनगर शेतात मेंढ्या बसवतात तेव्हा रात्रभर जागून लांडग्यापासून कळप राखणं हे त्याचं काम. खतासाठी शेतात मेंढ्या बसवण्याची रीत व्युर्टेंबर्गमध्येही होती. पण तिथला लांडगा एकोणिसाव्या शतकात जवळजवळ संपला आणि पडीक रानं पिकाखाली आली. मेंढरांना धोका उरला नाही. धोका होता तो मेंढरांपासून शेजाऱ्याच्या पिकाला. राखणदाराचा असा सीमारक्षक झाला, आणि त्यासाठी वेगळं शरीर, वेगळा स्वभाव लागू लागला. अंगाने अवजड नको, दिवसभर न थकता चालणारा हवा. मालक लांब उभा असताना स्वतःच्या अकलेने निर्णय घेणारा हवा, आणि हाक आली की तो निर्णय सोडून देणाराही हवा.

असे कुत्रे गावोगाव होते, पण त्यांची ‘जात’ नव्हती. थुरिंगियातले लहान चणीचे, ताठ कानांचे, तापट. व्युर्टेंबर्गचे थोराड, शांत, लांब चालीचे. मेंढपाळ वंशावळ लिहीत नसे. शेजारच्या खोऱ्यातला अमुक कुत्रा चांगला चालतो हे त्याला ठाऊक असे, तेवढ्यावर जोडी लागे. १८९१ मध्ये ‘फायलॅक्स’ नावाची एक संस्था निघाली, पण कुत्रा दिसण्यासाठी वाढवायचा की कामासाठी, या वादातच ती काही वर्षांत बुडाली. हा वाद आजही मिटलेला नाही.

मग आला माक्स फोन स्टेफानिट्झ. घोडदळातला कॅप्टन, आणि माझ्या मते हीच त्याच्याबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घोड्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला जनावर चालताना कसं बघायचं हे कळतं. आपला जाणता शेतकरी खिलार खोंड घेताना शिंगं-रंग बघतोच, पण फरा कसा बसलाय, पुठ्ठा किती उतरता आहे हे हात फिरवून पाहतो आणि मग खोंडाला दहा पावलं चालवून घेतो. स्टेफानिट्झची नजर तीच होती.

३ एप्रिल १८९९ रोजी कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात त्याला हेक्टर लिंक्सऱ्हाइन नावाचा चार वर्षांचा कुत्रा दिसला. लांडग्याच्या वळणाचा, साठ-एकसष्ट सेंटिमीटर उंचीचा. त्याने तो जागच्या जागी विकत घेतला आणि त्याचं नाव ठेवलं होरांड फोन ग्राफ्राथ. पुढच्या एकोणीस दिवसांत, २२ एप्रिलला, मित्र आर्टुर मायर आणि काही मेंढपाळ-हौशी मंडळींबरोबर त्याने जर्मन शेफर्डची संस्था उभी केली. तिच्या वंशावळीच्या वहीत पहिल्या क्रमांकावर होरांड नोंदवला गेला. जातीचे निकष त्याच वर्षी सप्टेंबरात लिहून झाले.

ते निकष सौंदर्यस्पर्धेचे नियम म्हणून वाचू नयेत, कामाचा करारनामा म्हणून वाचावेत. आज नराची उंची खांद्याशी ६० ते ६५ सेंटिमीटर आणि वजन ३० ते ४० किलो. मादी ५५ ते ६०, वजन २२ ते ३२. कशासाठी? याहून मोठा कुत्रा दिवसभर दुडकत नाही, याहून लहान कुत्र्याला मेंढी जुमानत नाही. अंगाची लांबी उंचीपेक्षा दहा ते सतरा टक्क्यांनी जास्त हवी, कारण दुडक्या चालीत मागचा पाय पोटाखाली खोल येतो आणि त्याला जागा लागते. फरा तिरका बसलेला हवा म्हणजे पुढचा पाय लांब पडतो. पुठ्ठा किंचित उतरता हवा म्हणजे मागच्या पायाचा रेटा पाठीतून पुढे पोचतो. पाठ मात्र घट्ट हवी, कारण हा रेटा वाहून नेणारी ती तुळई आहे. अंगावर राठ, दाट केस आणि त्याखाली लोकरीसारखी मऊ लव, कारण कुत्रा पावसात उभा राहणार.

आपल्याकडे पिल्लं विकताना ‘डबल कोट’ म्हणून दोन-चार हजार जास्त लावतात, तिथे हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं. खालची लव ही निकषात बसणाऱ्या प्रत्येक जर्मन शेफर्डला असतेच, आखूड केसांच्या असो वा लांब केसांच्या. बाजारात ज्याला डबल कोट म्हणतात ते नुसते लांब केस.

या यादीत स्टेफानिट्झ रंगाला जवळजवळ किंमत देत नसे. होरांडच्या आईचा बाप, ग्राइफ, पांढरा होता असं नोंदी सांगतात. पुढे १९३३ मध्ये पांढरा रंग निकषांतून बाद झाला, आणि त्या कुत्र्यांना पुढे स्वित्झर्लंडमध्ये वेगळी जात म्हणून आसरा मिळाला. पांढऱ्या कुत्र्याला तासातून चालता येत नाही असं कोणी सिद्ध केलं नव्हतं. कामाशी नातं नसलेली अट निकषांत शिरली की काय होतं, त्याचा हा पहिला ठळक दाखला.

स्टेफानिट्झला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. त्याच्या लेखनात त्या काळच्या जर्मनीतला वंशाभिमान आहे, आणि रक्ताबद्दलची त्याची घाई पुढच्या पिढ्यांना भोवली. होरांडचा सर्वांत गाजलेला मुलगा हेक्टर फोन श्वाबेन, त्याची आई मोरेस प्लीनिंगेन ही व्युर्टेंबर्गच्या मेंढपाळी रक्ताची. पण या हेक्टरला पुढे जवळच्या नात्यातल्याच माद्यांवर लावलं गेलं. थोड्या पिढ्यांत एकसारखे कुत्रे मिळाले, आणि रक्त मात्र आटत गेलं.

त्याच सुमारास मूळ कामच हातातून निसटत होतं. परदेशी स्वस्त लोकरीपुढे जर्मनीतल्या मेंढ्या १८७० नंतरच्या तीन दशकांत निम्म्याहूनही कमी झाल्या. मेंढरू नसेल तर मेंढपाळी कुत्रा कसा राहील? स्टेफानिट्झने पोलीस आणि सैन्याचे दरवाजे ठोठावले. माग काढणं, आज्ञापालन, हल्लेखोराला धरणं आणि सोडणं अशी परीक्षा आखली गेली. मेंढीला धरून लगेच सोडणाऱ्या कुत्र्याला हे नवं नव्हतं. पहिल्या महायुद्धात आंधळे झालेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्गला मार्गदर्शक कुत्र्यांची पहिली शाळा निघाली, तिथेही हाच कुत्रा. माणूस ‘पुढे चल’ म्हणत असताना समोर खड्डा आहे म्हणून थांबायचं, ही अक्कल त्याने तासातच कमावली होती.

युद्धाने त्याला जगभर नेलं. इंग्रजांना ‘जर्मन’ हा शब्द जिभेवर नको होता, म्हणून १९१९ मध्ये त्यांनी त्याला अल्सेशियन केलं. हे नाव त्यांच्याबरोबर हिंदुस्थानात आलं आणि इथे राहिलं. खुद्द ब्रिटनने जुनं नाव परत घेतलं ते १९७७ मध्ये.

मागणी वाढली तशी पैदास सुटली. विशीच्या दशकात प्रदर्शनांत उंच, चौकोनी, बिथरट कुत्रे जिंकू लागले. स्टेफानिट्झने १९२१ पासून पैदाशीआधीची तपासणी सुरू केली होती. परीक्षक कुत्र्याला मोजतो, तोलतो, दात बघतो, बंदुकीच्या आवाजाला तो दचकतो का हे पाहतो आणि कोणत्या रक्ताशी त्याची जोडी लावावी हे लिहून देतो. १९२५ मध्ये त्याने आणखी धीट पाऊल उचललं. सर्वोच्च पदासाठी त्याने उंच कुत्रे बाजूला सारून क्लोडो फोम बॉक्सबेर्ग हा ठेंगणा, लांबट, जमिनीला धरून चालणारा कुत्रा निवडला. एका निकालाने त्याने जातीचं तोंड वळवलं.

दुर्दैव असं, की तोच लांबट बांधा पुढच्या पिढ्यांनी ताणत नेला. रिंगणात चाल डोळ्यांत भरावी म्हणून मागच्या पायांचे कोन वाढवले, पुठ्ठा आणखी उतरवला. २०१६ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रसिद्ध प्रदर्शनात या जातीतली सर्वोत्तम ठरलेली मादी रिंगणात चालली तेव्हा लाखो लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि हळहळले. मागचे पाय लडबडत होते. मागच्या पायांचे कोन जास्त झाले की भक्कमपणा आणि दम दोन्ही घटतात, असा इशारा निकषांतच दिलेला आहे. तो वाचूनही पदक दिलं जातं, याचा मला राग येतो.

आमच्या सोसायटीत सहा वर्षांचा एक शेफर्ड होता. कागदपत्रं चोख, आजोबा परदेशी विजेता. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तो थांबायचा, मागे वळून मालकाकडे बघायचा आणि मालक पोटाखाली टॉवेल घालून त्याचं मागचं अंग उचलायचे. खुब्याच्या खोबणीत हाड नीट बसत नव्हतं. जर्मनीत खुब्याचा एक्स-रे तपासून वंशावळीवर शिक्का मारायची पद्धत १९६६ पासून आहे. इथे पिल्लू घेताना त्याच्या आईबापाचा एक्स-रे कोणी मागत नाही, आणि विकणारा आपणहून दाखवत नाही. कागदावर बापजाद्यांची नावं असतात, त्यांचे खुबे नसतात.

आता एका नावाखाली दोन कुत्रे झाले आहेत, रिंगणातला आणि कामाचा. पोलीस आणि सैन्यं कामाच्या रक्ताकडे वळतात, किंवा सरळ बेल्जियन मॅलिन्वाकडे. आपल्या केंद्रीय दलांतही मॅलिन्वा दिसू लागला आहे. ज्या कामासाठी स्टेफानिट्झने दारं ठोठावली, त्या कामावरून त्याच्या कुत्र्याची अशी बदली होते आहे.

तरी धागा तुटलेला नाही. जर्मनीत पैदाशीची परवानगी हवी असेल तर आजही कुत्र्याला कामाची परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्या जोडीला दमाची. मालक सायकलवर, कुत्रा शेजारी दुडक्या चालीने, ताशी बारा ते पंधरा किलोमीटर वेगाने वीस किलोमीटर. आठ किलोमीटरनंतर पाव तास विश्रांती, पंधरानंतर वीस मिनिटं. प्रत्येक थांब्यावर परीक्षक कुत्र्यापाशी वाकतो, एकेक पंजा हातात घेऊन उलटा करतो आणि बोटाने गादी चाचपून बघतो, कुठे सोलवटली आहे का. मग पंजा खाली ठेवतो आणि पुढचा उचलतो.