उच्चतानुकूलन

उच्चतानुकूलन : समुद्रसपाटीपासून फार उंच असलेल्या प्रदेशांतील विरल हवेतही ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या–पेशींच्या–समूहांना) पुरेसा ऑक्सिजन मिळावा म्हणून मनुष्याच्या व इतर प्राण्यांच्या शरीरात जे बदल होतात, त्यांना ‘उच्चतानुकूलन’ म्हणतात. हे बदल दोन प्रकारचे आहेत. सखल प्रदेशातून वर गेलेल्या व्यक्तीत काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत होणारे बदल तात्पुरते असून ती खाली परतल्यावर ते नाहीसे होतात. शेकडो पिढ्या उंचावर राहिलेल्या समाजांत आढळणारे बदल मात्र आनुवंशिक असतात. पहिल्या प्रकारचे बदल वाढत जाऊनच दुसरा प्रकार सिद्ध होत असावा, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु गेल्या काही दशकांतील संशोधनावरून वस्तुस्थिती बरीच वेगळी असल्याचे दिसून आले आहे. जगात २,५०० मी.पेक्षा अधिक उंचीवर सु. ८ कोटी लोक राहत असल्यामुळे या विषयाला व्यावहारिक महत्त्वही आहे.

विरल हवेचे परिणाम : कोरड्या हवेतील ऑक्सिजनाचे प्रमाण मनुष्यवस्तीच्या सर्व उंचींवर सु. २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा एकूण दाब आणि त्याबरोबर ऑक्सिजनाचा आंशिक दाब (मिश्रणातील एका वायूचा स्वतःचा दाब). समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या ७६० मिमी. उंचीइतका असतो, सु. ५,५०० मी. उंचीवर तो निम्मा होतो. एव्हरेस्टच्या शिखरावर १९८१ मध्ये प्रत्यक्ष मोजलेला दाब २५३ मिमी. भरला. उंचावर होणाऱ्या त्रासाचे मूळ आंशिक दाबाच्या घटीत आहे, हे पॉल बेअर या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रयोगांनिशी दाखवून दिले.

रक्तातील ऑक्सिजन कमी होताच मानेतील मोठ्या रोहिण्या जेथे दुभागतात तेथील संवेदी पिंड उद्दीपित होतात. त्यामुळे श्वसन जलद व खोल होते आणि हृदयाचे ठोके वाढतात. पुढील दिवसांत वृक्कात (मूत्रपिंडात) एरिथ्रोपोएटीन हे हॉर्मोन अधिक तयार होते व ते अस्थिमज्जेस तांबड्या कोशिका निर्माण करण्यास उद्युक्त करते. उंचावर गेल्यावर रक्तातील तांबड्या कोशिका वाढतात, हे व्हिओ यांना १८९० मध्ये पेरू देशात आढळले होते.

ऑक्सिजन-संवेदन : ऑक्सिजन कमी झाल्याचे कोशिकेस कसे समजते, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनुत्तरित होता. ग्रेग सेमेंझा यांनी १९९० नंतरच्या दशकात एरिथ्रोपोएटिनाच्या जीनास (आनुवंशिक घटकास) कार्यान्वित करणारे एक प्रथिन शोधून काढले. त्यास ‘ऑक्सिजन-न्यूनता-प्रवर्तित घटक’ (संक्षेपाने ‘हिफ’) म्हणतात. हे प्रथिन कोशिकेत सतत तयार होत असते. ऑक्सिजन पुरेसा असल्यास एक विशिष्ट एंझाइम त्याच ऑक्सिजनाचा उपयोग करून या प्रथिनावर हायड्रॉक्सिल गटांची खूण करते. ती खूण व्हीएचएल नावाचे दुसरे प्रथिन ओळखते आणि हिफ काही मिनिटांतच नष्ट केले जाते. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही. हिफ साठत जाऊन केंद्रकात शिरते आणि एरिथ्रोपोएटिनाच्या जीनासह शेकडो जीनांचे कार्य बदलते. खुणेची ही रासायनिक यंत्रणा विल्यम केलिन व पीटर रॅटक्लिफ यांच्या प्रयोगशाळांनी २००१ मध्ये उघड केली. सेमेंझा, केलिन व रॅटक्लिफ यांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तवृद्धीच्या मर्यादा : तांबड्या कोशिका वाढल्याने रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता वाढते, परंतु त्याबरोबर रक्त दाटही होते व हृदयावर भार पडतो. अँडीज पर्वतातील काही रहिवाशांत ही वाढ बेसुमार होऊन डोकेदुखी, धाप, ओठ निळसर पडणे इ. लक्षणे उद्‌भवतात. पेरूचे वैद्य कार्लोस मोंगे यांनी १९२५ मध्ये या चिरकारी (दीर्घकाळ टिकणाऱ्या) विकाराचे वर्णन केले. याहून भिन्न असा तीव्र विकार एकाएकी उंचावर गेलेल्यांस होतो. त्यात फुप्फुसांत द्रव साठून मृत्यूही ओढवतो. हिमालयातील भारतीय सैनिकांमध्ये आढळलेल्या अशा विकारांचा अभ्यास इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनी १९६५ व १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. तो या विषयातील महत्त्वाचा आधार मानला जातो.

आनुवंशिक अनुकूलन : सिंथिया बील यांनी सु. ४,००० मी. उंचीवरील दोन समाजांची तुलना १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. बोलिव्हियातील आयमारा पुरुषांत दर १०० मिलि. रक्तात सरासरी सु. १९ ग्रॅ. हीमोग्लोबिन आढळले, तर तिबेटी पुरुषांत ते सु. १५·६ ग्रॅ., म्हणजे सखल प्रदेशातील व्यक्तीइतकेच होते. तिबेटी लोकांत उणीव दुसऱ्या मार्गाने भरून निघते : त्यांचे श्वसन अधिक होते, तसेच रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडापासून बनणारे पदार्थ रक्तात विपुल असून ऊतकांकडील रक्तप्रवाहही जास्त असतो.

याचे आनुवंशिक कारण २०१० मध्ये अनेक संशोधक-गटांनी शोधले. तिबेटी लोकांत विशेषत्वाने आढळणाऱ्या जीन-प्रकारांपैकी ईपास-१ हा हिफच्याच एका घटकाचा, तर ईजीएलएन-१ हा त्यावर खूण करणाऱ्या एंझाइमाचा जीन आहे. ईपास-१ चा तिबेटी प्रकार डेनिसोव्हा या नामशेष मानवगटाशी झालेल्या संकरातून आला, असे २०१४ मध्ये दिसून आले.

नेपाळच्या अप्पर मुस्तांग भागातील ४१७ तिबेटीवंशीय स्त्रियांची पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वाधिक जिवंत अपत्ये झालेल्या स्त्रियांत हीमोग्लोबिन फार कमी किंवा फार जास्त नसून सरासरीइतके होते. मात्र त्याची ऑक्सिजन-संपृक्तता अधिक होती. रक्ताच्या राशीपेक्षा त्याच्या कार्यक्षमतेस नैसर्गिक निवडीत प्राधान्य मिळते, असा याचा अर्थ होतो.

प्राण्यांतील उदाहरण : पट्टकादंब हे पक्षी मंगोलिया, तिबेट इ. प्रदेशांत प्रजनन करून हिवाळ्यात हिमालय ओलांडून भारतात येतात. महाराष्ट्रात उजनी जलाशयावर भिगवणजवळ त्यांचे थवे दिसतात. उपग्रहाद्वारे केलेल्या मागोव्यात त्यांची ७,२९० मी.पर्यंतची उंची नोंदली गेली (२०१३). परंतु बहुतेक उड्डाण भूपृष्ठाला धरून, चढ-उतार करीतच होते. त्यांच्या हीमोग्लोबिनातील एका ॲमिनो अम्लाच्या बदलामुळे ते ऑक्सिजन अधिक घट्ट धरते. फुप्फुसे मोठी असून उड्डाणस्नायूंत केशवाहिन्यांचे जाळेही दाट असते. वातबोगद्यातील प्रयोगांत (२०१९) ऑक्सिजन कमी केला असता त्यांचा चयापचय (शरीरातील रासायनिक घडामोडी) घटला आणि त्या अवस्थेतही ते उडू शकले.

वैद्यकीय उपयोग : वृक्काच्या चिरकारी विकारात एरिथ्रोपोएटीन कमी पडून रक्तक्षय होतो. हिफवर खूण करणाऱ्या एंझाइमास रोधणारी औषधे अशा रुग्णांस तोंडाने देता येतात. रॉक्सॅड्युस्टॅट यास चीनमध्ये २०१८ साली, तर डेसिड्युस्टॅट यास भारतात २०२२ साली मान्यता मिळाली. उलट, व्हीएचएल जीनातील आनुवंशिक दोषामुळे होणाऱ्या काही अर्बुदांवर (गाठींवर) हिफचे कार्य थांबविणारे बेल्झुटिफॅन अमेरिकेत २०२१ पासून वापरात आहे. पहिल्या वर्गातील औषधांनी हीमोग्लोबिन वाजवीपेक्षा वाढल्यास रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. म्हणून उपचारात ते जास्तीत जास्त वाढविण्याऐवजी ठराविक मर्यादेत ठेवले जाते.