हातांतली ओवी

कविता ही कानांची गोष्ट, असे मी आयुष्यभर मानत आलो. जात्यावरच्या ओव्या आणि भजनातले अभंग ऐकत वाढलेल्याला दुसरे काय वाटणार? बँकेच्या नोकरीत कंधारला होतो, तेव्हा एका मुलाने हा समज मोडला. तो मोडल्याचे मला मात्र फार उशिरा कळले.

मुलगा जन्मापासून बहिरा, नांदेडच्या वसतिगृहात शिकलेला. थोरल्या बहिणीबरोबर खाते उघडायला आला होता. बाहेर पाऊस लागलेला. बहीण अर्ज भरत होती आणि याचे हात हलू लागले. पसरलेला तळवा म्हणजे जगत्तुंग समुद्र, आपले किल्ल्याजवळचे तळे. त्यावर दुसऱ्या हाताची बोटे टपटप पडली. मग तीच बोटे किल्ल्याच्या भिंतीवरून ओघळली, आणि शेवटी त्याच्या गालावरून.

"साहेब, तो पाऊस सांगायलाय," बहीण म्हणाली.

मी कौतुकाने कागद पुढे केला. त्याने लिहिले : 'पाऊस तळे पडणे. किल्ला रडणे.' सवयीने मी लाल शाईने प्रत्यय दुरुस्त केले. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. पुढे तो बँकेत अनेकदा आला. हात मात्र माझ्यासमोर कधी हलले नाहीत.

निवृत्तीनंतर वाचनात आले, की खुणांच्या भाषेलाही स्वतःची रचना असते, हे विल्यम स्टोकी या अमेरिकी अभ्यासकाने १९६० मध्ये दाखवून दिले. वेल्समध्ये जन्मलेल्या डोरोथी माइल्स (१९३१–१९९३) आठव्या वर्षी आजारपणात बहिऱ्या झाल्या. पुढे त्यांनी हातांनी कविता रचल्या. अशा कवितेत यमक हाताच्या आकाराचे असते. आकार तोच राहतो, अर्थ बदलत जातो.

वाचता वाचता मी थांबलो. तळ्यावर, भिंतीवर, गालावर तीच बोटे! तो यमक साधत होता आणि मी प्रत्यय लावत बसलो होतो.

भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांनिशी आला. २०२१ पर्यंत शब्द १०,००० झाले. या भाषेत मराठीचे विभक्ती-प्रत्यय नाहीत. प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते. म्हणजे मराठी ही त्या मुलाची दुसरी भाषा होती. पहिल्या भाषेत तो चुकला नव्हताच.

आपल्या घरात, गल्लीत असे मूल असेल, तर वही पुढे करण्याआधी त्याच्या चार खुणा आपण शिकाव्यात. तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. भेटला, तर तो पाऊस मला पुन्हा एकदा बघायचा आहे.