पाळीवर वाढलेलं चिंचवड

मी टूलरूममधून निवृत्त झालो. आमच्या उमेदीत चिंचवड पाळीवर चालायचं. पहाटे नाक्यावर कंपनीची बस यायची आणि बाकावर साताऱ्याचा, लातूरचा, जळगावचा माणूस मांडीवर डबा घेऊन शेजारी शेजारी बसायचा.

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज आले. 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण झालं, 1982 साली महापालिका. कायम झालेल्या कामगाराने पतपेढीचं कर्ज काढावं, घर बांधावं, पोरं शिकवावीत, ही वाट मळलेली होती. मार्गशीर्षात मोरया गोसावींच्या समाधी उत्सवाला गावाकडची आईसुद्धा मुक्कामाला यायची.

2007 साली बजाजचं आकुर्डीतलं उत्पादन थांबलं. वाहनउद्योगाचा जोर चाकणकडे सरकला. 2022 पासून आकुर्डीत पुन्हा चेतक स्कूटर बनते, पण विजेवरची.

आमच्या मागच्या खोलीत ओडिशाची चार पोरं राहतात, चौघंही ठेकेदाराकडे. गाद्या दोनच. रात्रपाळीवाले आले की दिवसपाळीवाले उठतात. दाराबाहेर सेफ्टी शूज कधी वाळत नाहीत. मशीनवरचं त्यांचं काम आमच्याइतकंच नेमकं आहे. पण आम्हाला मिळालेली कायमची नोकरी त्यांच्या वाट्याला नाही, आणि हे मला फार लागतं. हे शहर बाहेरगावच्या हातांनीच उभं राहिलं. माझेही हात बाहेरगावचेच.

घरमालकांनो, एवढं तरी करा: या पोरांना भाडेकरार लेखी द्या. त्याच्याशिवाय त्यांना साधी गॅसजोडणी मिळवतानाही खेटे घालावे लागतात.