किल्ली कोणाकडे? माग, लेथ आणि पगाराचं गणित

मंडळी, यंत्र आलं की किती जणांचं काम जातं, यावर नेहमी बोललं जातं. आज आपण जरा वेगळा प्रश्न घेऊ. ज्याचं काम टिकतं, त्याच्या कसबाचं काय होतं आणि त्याच्या पगाराचं काय होतं? भिंगारमध्ये बसून हा विषय मांडायचा तर सुरुवात मागापासूनच करायला हवी.

नगर शहर आणि भिंगार ही विणकरांची जुनी ठिकाणं. साळी, कोष्टी, पद्मशाली घरांतून लुगडी विणली जात. साध्या हातमागावर विणकर एका हातानं धोटा फेकतो आणि दुसऱ्या हातानं झेलतो. इंग्लंडात जॉन के यानं १७३३ मध्ये यात एक साधीशी सोय केली. दोरीला झटका दिला की धोटा स्वतःच या टोकापासून त्या टोकाला धावतो. आपल्याकडे ती बऱ्याच उशिरा रुजली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल नावाचे इंजिनिअर नगरला होते. त्यांनी इथेच हातमागात सुधारणा करून जलद चालणारा माग तयार केला. म्हणजे ‘प्रगत तंत्रज्ञान’ हा विषय आपल्या गावाला काही नवा नाही.

आता हिशेब बघा. धावत्या धोट्यानं विणकराचं काम साधारण दुपटीनं वाढतं. मग कमाईही दुप्पट होईल का? ज्यानं असा माग आधी घेतला, त्याला काही काळ नक्कीच फायदा होतो. पण मजुरी नगावर ठरत असेल, सूत व्यापाऱ्याचं असेल आणि गल्लीतल्या प्रत्येकाकडे तसाच माग आला असेल, तर व्यापारी नगाचा भाव उतरवू शकतो. दुप्पट काम करून माणूस जवळपास जुन्याच कमाईवर येतो. शिवाय माग जलद झाला की कांड्याही जास्त लागतात. त्या भरायच्या कोणी? घरातल्या बायकांनी आणि पोरांनी. त्या कामाची वेगळी मजुरी कुठल्याच वहीत लिहिली जात नाही. आमच्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत कमी बोलली गेलेली गोष्ट हीच आहे.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. काठ आणि अंग वेगवेगळ्या रंगांच्या बाण्यानं विणून एकमेकांत अडकवायचे असतील, तर तीन धोटे लागतात आणि ते हातानंच चालवावे लागतात. तिथं झटक्याची दोरी कामाची नाही. यंत्राला जे जमलं नाही, तिथलं कसब टिकलं.

मुंबईच्या गिरण्यांत हाच प्रश्न मोठ्या आवाजात विचारला गेला. दोन साचे चालवणाऱ्या विणकरानं तीन चालवावेत, अशी योजना काही मालकांनी आणली. १९२८ मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार जवळजवळ सहा महिने संपावर होते. संपाला इतरही कारणं होती, पण वाढलेल्या कामातला वाटा कोणाला, हा कळीचा मुद्दा होता.

आता नागापूर एमआयडीसीत येऊ. जुन्या लेथवरचा टर्नर काय करायचा? टूलला स्वतः धार लावायचा, कापाची खोली ठरवायचा, आवाजावरून आणि निघणाऱ्या बुरावरून टूल बोथट झालंय का ते ओळखायचा. हे अंगात यायला वर्षं लागत. सीएनसी मशीनवर यातलं बरंचसं ज्ञान प्रोग्रॅममध्ये जातं. जॉब बसवा, बटण दाबा, जॉब काढा, एवढंच काम ठेवलं तर नवा मुलगा काही आठवड्यांत तयार होतो. आणि जो काही आठवड्यांत तयार होतो, त्याच्या जागी दुसरा आणणंही तितकंच सोपं. पगार तिथंच अडकतो.

पण थांबा, हे मशीनमुळेच होतं का? बहुतेक सीएनसी मशीनवर प्रोग्रॅममध्ये बदल रोखणारी एक किल्ली किंवा पासवर्ड असतो. एका कारखान्यात ऑपरेटर स्वतः ऑफसेट देतो, प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करतो. शेजारच्या कारखान्यात मशीन तेच, पण किल्ली सेटरच्या खिशात. दोन्हीकडे तंत्रज्ञान एकच, कसब मात्र दोन.

अमेरिकन इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या पुस्तकात याची जुनी मुळं दाखवली. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल इलेक्ट्रिकनं एक पद्धत बनवली होती. कुशल कारागीर एक जॉब हातानं करणार, त्याच्या हालचाली टेपवर नोंदल्या जाणार आणि मशीन त्या पुन्हा करणार. ती मागे पडली. इंजिनिअरनं ऑफिसात बसून प्रोग्रॅम लिहायचा, ही एमआयटीत १९५२ मध्ये दाखवलेली पद्धत पुढे गेली. नोबल यांचं म्हणणं असं, की या निवडीमागे फक्त अचूकता नव्हती, शॉपवर ताबा कोणाचा हाही हिशेब होता. सगळ्यांना हे पटत नाही. आम्हाला बऱ्याच अंशी पटतं.

देशाचे आकडेही थोडे बघू. वार्षिक उद्योग सर्वेक्षणानुसार कारखान्यांच्या निव्वळ मूल्यवर्धनात कामगारांच्या मजुरीचा वाटा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ३० टक्के होता. २००७-०८ पर्यंत तो १० टक्क्यांच्या आसपास आला, नंतर थोडा सावरला. संघटित कारखान्यांतले आज सुमारे ४० टक्के कामगार कंत्राटी आहेत. सगळा दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही. पण ज्याचं कंत्राट वर्षभरानं संपणार, त्याला प्रोग्रॅमिंग शिकवायला कोण खर्च करील?

व्याख्यानाआधी एका मुलानं चिठ्ठी दिली होती: ‘आयटीआय झालंय, सीएनसीचा कोर्स करू का?’ कर. फक्त मुलाखतीला गेलास की दोन गोष्टी विचार. ऑफसेट आणि प्रोग्रॅमला हात लावायला कधी मिळेल? आणि हजेरीपटावर नाव कुशल म्हणून लागणार, की अर्धकुशल म्हणून? किमान वेतन त्या एका शब्दावरून ठरतं. सहा-सहा महिने मशीन एकट्यानं चालवणारी मुलं कागदावर हेल्पर असू शकतात.